रशियातील पुरुषांचा आयुःक्षय : एक हेतुविचार

प्रास्ताविक

आयुर्वेद हे आयुष्याचे शास्त्र आहे, असे आपण प्रत्येक व्याख्यानाच्या आरंभी सांगतो. परंतु आयुष्याचे मान पाहण्याचा प्रसंग आला की आपली दृष्टी बहुधा समोरच्या एका रुग्णापुरती मर्यादित राहते. एखाद्या संपूर्ण जनपदाचे आयुष्य वाढत आहे की घटत आहे, घटत असल्यास ते नेमके कोणाचे घटत आहे व कोणत्या हेतूंमुळे, हा विचार विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय परीक्षेपुरता वाचून झाल्यावर आपल्याकडून क्वचितच होतो.

प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका जनपदाचा अभ्यास वैद्यवर्गापुढे ठेवीत आहोत. ते जनपद म्हणजे रशिया. तेथे दुष्काळ नव्हता, महामारी नव्हती. प्रजा साक्षर होती, आणि लोकसंख्येच्या मानाने डॉक्टर व रुग्णालयीन खाटा विपुल होत्या. अशा देशात, शांततेच्या काळात, पुरुषांचे आयुर्मान सुमारे चाळीस वर्षे कधी हळूहळू, तर कधी एकाएकी घसरत राहिले. ही घटना आधुनिक लोकसंख्याशास्त्रात पुष्कळ अभ्यासली गेली आहे. आमचा हेतू तिची पुनरुक्ती करण्याचा नाही. आपल्या निदानपंचकाच्या शिस्तीने तिच्याकडे पाहिल्यास काय दिसते, आणि त्यातून आपल्या चिकित्सालयात उपयोगी पडेल असे काय हाती लागते, एवढाच हा विचार आहे.

आयुर्मान या संज्ञेचा अर्थ

प्रथम एका संज्ञेचा खुलासा आवश्यक आहे. एखाद्या वर्षी पुरुषांचे आयुर्मान ५८ होते, याचा अर्थ त्या देशातील पुरुष ५८ व्या वर्षी मरतात असा नव्हे. त्या वर्षी निरनिराळ्या वयोगटांत जे मृत्युप्रमाण होते तेच पुढे आयुष्यभर कायम राहिले, तर त्या वर्षी जन्मलेले मूल सरासरी किती वर्षे जगेल, याचे ते गणित आहे. बालमृत्यू वाढले तरी हा आकडा खाली येतो, आणि तरुण वा मध्यम वयातील मृत्यू वाढले तरीही येतो. म्हणून नुसता आकडा पाहून थांबू नये. कोणत्या वयाची माणसे गेली हे विचारावे. रुग्णाला ज्वर आहे एवढे कळल्याने ज्वराचा प्रकार कळत नाही, तसेच हे आहे.

व्याधीचा इतिहास

रशियातील आकड्यांचा क्रम पुढीलप्रमाणे आहे. हे आकडे स्थूलमानाने दिले आहेत.

१९६५ : पुरुष सुमारे ६४, स्त्रिया सुमारे ७३
१९८० : पुरुष सुमारे ६१.५, स्त्रिया सुमारे ७३
१९८७ : पुरुष जवळजवळ ६५, स्त्रिया सुमारे ७४
१९९४ : पुरुष सुमारे ५७.५, स्त्रिया सुमारे ७१
१९९८ : पुरुष सुमारे ६१, स्त्रिया सुमारे ७३
२००५ : पुरुष सुमारे ५९, स्त्रिया सुमारे ७२
२०१९ : पुरुष सुमारे ६८, स्त्रिया सुमारे ७८

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रतिजैविके व लसीकरण यांच्या बळावर तेथील आयुर्मान झपाट्याने वाढले होते. १९६० च्या दशकाच्या मध्यास ही वाढ थांबली आणि पुरुषांची घसरण सुरू झाली. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून सोव्हिएत शासनाने मृत्युविषयक आकडे प्रसिद्ध करणेच बंद केले. रुग्णाने लक्षण लपवावे आणि वैद्याने ते विचारू नये, अशी ही अवस्था होती. लक्षण लपविल्याने व्याधी थांबत नाही, तशी ही घसरणही थांबली नाही.

१९८५ ते १९८७ या अल्पकाळात आयुर्मान एकाएकी वाढले. १९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत पुरुषांचे आयुर्मान ५७.५ वर्षांपर्यंत कोसळले. स्त्री-पुरुषांतील अंतर १३ वर्षांहून अधिक झाले. पुढे थोडी सुधारणा होऊन १९९८ च्या आर्थिक संकटानंतर पुन्हा घसरण झाली. २००५ नंतर मात्र सातत्याने वाढ झाली. २०२० व २०२१ मध्ये कोविडच्या साथीने हा आकडा पुन्हा खाली आणला, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनविरुद्ध सुरू झालेल्या युद्धाने त्यापुढील चित्र निराळे केले. म्हणून आमचे विवेचन मुख्यतः १९६५ ते २०१९ या काळापुरते ठेवले आहे.

कोण गेले?

१९९० च्या दशकातील या पडझडीत बालके व वृद्ध यांच्यापेक्षा कर्ते पुरुष अधिक गेले. साधारणतः २५ ते ६० या वयातील मृत्यूंनीच आयुर्मानाचा बहुतांश ऱ्हास घडविला. त्याच काळात घटसर्पाची साथ पुन्हा आली, क्षयरोगाचे प्रमाण दुपटीहून अधिक वाढले. या गोष्टी गंभीर होत्याच. परंतु एकूण मृत्यूंमध्ये त्यांचा वाटा लहान होता. मोठा वाटा दोन गटांचा होता. पहिला गट हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा. दुसरा गट आगंतु कारणांचा, म्हणजे अपघात, बुडणे, गोठून मरणे, खून, आत्महत्या व मद्याची विषबाधा यांचा. १९९४ मध्ये पुरुषांतील आत्महत्यांचे प्रमाण एक लाखामागे ७० च्या वर गेले होते.

येथे सुज्ञ वाचकाच्या मनात एक प्रश्न सहज उभा राहील. जी महागाई, जी बेकारी, जी अनिश्चितता पुरुषांच्या वाट्याला आली तीच त्यांच्या पत्नींच्या, बहिणींच्या वाट्यालाही आली. थंडी तीच, पाव तोच, रुग्णालयही तेच. मग पुरुषच इतके अधिक का मेले? आत्रेयांना अग्निवेशाने कांपिल्य नगरीत विचारलेला प्रश्न याच्या नेमका उलट आहे. प्रकृती, आहार, सात्म्य, वय हे सारे भिन्न असताना अनेक माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने का मरतात, असे तेथे विचारले आहे. येथे वायू, उदक, देश व काल हे चारही भाव समान असताना परिणाम मात्र भिन्न आहे. अर्थात समान भावांच्या पलीकडे पुरुषांपुरता असा काही विशेष हेतू असला पाहिजे.

हेतूंचे चतुर्विध वर्गीकरण

माधवनिदानावरील मधुकोश टीकेत हेतूचे सन्निकृष्ट, विप्रकृष्ट, व्यभिचारी व प्राधानिक असे चार प्रकार सांगितले आहेत. या वर्गीकरणाने रशियातील घटना बरीच स्पष्ट होते.

*प्राधानिक हेतू.* विषाप्रमाणे स्वबलाने व्याधी उत्पन्न करणारा हेतू तो प्राधानिक. येथे तो तीव्र मद्य होय. पश्चिम सैबेरियातील तोम्स्क, बार्नाउल व बीस्क या तीन नगरांत १९९० ते २००१ या काळातील सुमारे ४९,००० मृत्यूंची चौकशी मृतांच्या कुटुंबीयांकडून करण्यात आली. झारिद्झे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात तिचे निष्कर्ष दिले. १५ ते ५४ या वयातील निम्म्याहून अधिक मृत्यूंना मद्य कारणीभूत होते, असे त्यांना आढळले. उरल प्रदेशातील इझेव्स्क या औद्योगिक नगरात २५ ते ५४ वयाच्या पुरुषांवर झालेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही धोकादायक मद्यपानाचा वाटा सुमारे ४३ टक्के निघाला. दोन भिन्न नगरसमूह, दोन भिन्न पद्धती, आणि उत्तर मात्र जवळजवळ एकच.

*सन्निकृष्ट हेतू.* मद्य वर्षभर प्यायले जात असले तरी मृत्यू विशिष्ट दिवशी का येतो? मॉस्कोतील मृत्यूंच्या एका अभ्यासात रक्ताभिसरणाच्या विकारांनी होणारे मृत्यू शनिवार, रविवार व सोमवार या दिवशी वाढलेले दिसले. वृद्धापकाळाने शिणलेले हृदय वार पाहून थांबत नाही. आठवड्याच्या अखेरीस एका बैठकीत पोटात गेलेले मद्य येथे तात्कालिक कारण ठरले. ही रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. तेथे रोज अल्प प्रमाणात पिण्याऐवजी काही दिवस मुळीच न पिता नंतर एकदम अतिमात्रेत, कधी सलग दोन-चार दिवस शुद्ध हरपेपर्यंत पिण्याची रीत रूढ आहे. या सलग पिण्याला त्यांच्या भाषेत 'झापोय' असा स्वतंत्र शब्दच आहे.

*विप्रकृष्ट हेतू.* हेमंतात संचित झालेला कफ वसंतात व्याधी उत्पन्न करतो, तसे काही हेतू दीर्घकाळ साठत होते. त्यांत धूम्रपान प्रमुख होय. २००९ मध्येही तेथील सुमारे ६० टक्के पुरुष तंबाखूचे सेवन करीत होते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुष्कळ कमी होते. त्याच्या जोडीला उच्च रक्तदाब होता. तो पुरुषांत फार आढळे. पण त्याची नियमित चिकित्सा घेणारे थोडे होते. पूर्वोक्त तीन नगरांतील सुमारे दीड लाख प्रौढांचा पुढे अनेक वर्षे पाठपुरावा करण्यात आला. धूम्रपान करणाऱ्या पुरुषांपैकी आठवड्यास व्होडकाची एक बाटलीही न पिणाऱ्यांत ३५ ते ५४ या वीस वर्षांत मरण्याचा संभव १६ टक्के, तर तीन वा अधिक बाटल्या पिणाऱ्यांत तो ३५ टक्के आढळला. म्हणजे तंबाखूने आधीच क्षीण झालेल्या शरीरावर मद्याचा आघात होत होता.

*व्यभिचारी हेतू.* स्वतः दुर्बल असल्याने एकटा व्याधी उत्पन्न करू न शकणारा, परंतु अनुकूल साथ मिळताच कार्यकारी होणारा हेतू तो व्यभिचारी. आमच्या मते सामाजिक कारणांचे स्थान येथे आहे, आणि हाच या लेखातील मुख्य मुद्दा आहे. जानेवारी १९९२ मध्ये किमतींवरील नियंत्रण उठले व त्या एका वर्षात किमती पंचवीस पटींहून अधिक वाढल्या. आयुष्यभराची बचत नाहीशी झाली. कारखान्यांत महिनोनमहिने वेतन मिळेना. संपूर्ण नगर एकाच कारखान्यावर जगत असेल तेथे कारखान्याबरोबर भोजनगृह, दवाखाना, क्लब, आप्तेष्टांच्या भेटीगाठी हे सारेच मोडले. या काळात अल्पशिक्षित पुरुषांचे मृत्युप्रमाण उच्चशिक्षितांपेक्षा कितीतरी अधिक वाढले, आणि अविवाहित, विधुर वा घटस्फोटित पुरुष विवाहितांपेक्षा अधिक मेले. ज्याला कोणी जेवायला हाक मारणारे नव्हते, तो आधी गेला.

परंतु दारिद्र्य हाच प्रधान हेतू असता तर स्त्रियाही तितक्याच गेल्या असत्या. दारिद्र्याने व मानभंगाने पुरुषाच्या हाती बाटली दिली. मारले ते बाटलीने. स्त्रियांच्या हातात त्या काळातही घर, मुले, वृद्ध आईबाप व परसातील बटाट्याचा वाफा होता. काम गेल्यावर पुरुषाच्या हातात काही उरले नाही. २००९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आलेल्या एका शोधनिबंधात वेगाने झालेल्या खासगीकरणाचा व पुरुषांच्या मृत्यूंचा संबंध दाखविला गेला. त्यावर अर्थशास्त्रज्ञांनी आक्षेपही घेतले, व तो वाद आमच्या अधिकारातील नाही. तथापि त्यातील एक निरीक्षण चिंतनीय आहे. ज्या देशांत ४५ टक्क्यांहून अधिक लोक चर्च, कामगार संघटना अशा एखाद्या संस्थेचे सभासद होते, तेथे हा दुष्परिणाम जवळजवळ दिसला नाही. माणसांत असणे हेही एक उपस्तंभ आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

उपशय : जनपदावर झालेली परीक्षा

गूढलिंग व्याधीची परीक्षा उपशय-अनुपशयाने करावी, असे शास्त्र सांगते. रशियात ही परीक्षा नकळत तीनदा झाली.

पहिली परीक्षा १९८५ ची. त्या वर्षीच्या मे महिन्यात गोर्बाचेव्ह यांच्या शासनाने मद्यविरोधी मोहीम सुरू केली. मद्याचे उत्पादन कमी करण्यात आले, किंमत वाढविण्यात आली, दुपारी दोनपूर्वी विक्री बंद झाली, खरेदीसाठी वयाची अट २१ वर्षांची झाली. दोनच वर्षांत पुरुषांचे आयुर्मान सुमारे दोन ते अडीच वर्षांनी वाढले. या अवधीत नवे औषध निघाले नव्हते, नवी रुग्णालये उभी राहिली नव्हती. एक हेतू कमी झाला, एवढेच घडले होते. निदानपरिवर्जनाचे इतक्या मोठ्या प्रमाणावरील उदाहरण आमच्या वाचनात दुसरे नाही.

दुसरी परीक्षा अनुपशयाची. मोहीम लोकांना जाचक झाली. घरगुती दारू गाळली जाऊ लागली, त्यासाठी साखर नाहीशी होऊ लागली, अनेक द्राक्षमळे उपटले गेले आणि शासनाचे उत्पन्न बुडाले. १९८८ पर्यंत मोहीम ओसरली. १९९२ मध्ये तर मद्यावरील शासकीय मक्तेदारीच उठविण्यात आली. ती पुढील वर्षी पुन्हा जाहीर झाली, पण तोवर बाजार हाताबाहेर गेला होता. अन्नाच्या मानाने व्होडका स्वस्त झाली. हेतू परत आला, आणि व्याधीही अधिक बलाने परतला.

तिसरी परीक्षा २००६ पासूनची. मद्याच्या निर्मितीवर व घाऊक व्यापारावर कडक नोंदणी बसली. १ जानेवारी २०१० पासून व्होडकाच्या अर्ध्या लिटरला ८९ रूबल अशी किमान किंमत ठरली. २०११ च्या कायद्याने बिअरलाही मद्याच्या व्याख्येत आणले व रात्रीची विक्री बंद झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ मधील अहवालाप्रमाणे २००३ ते २०१६ या काळात तेथील दरडोई मद्यसेवन ४३ टक्क्यांनी घटले. याच काळात वेतनमान सुधारले, २००८ पासून हृद्रोग व पक्षाघातासाठी प्रादेशिक केंद्रे उभी राहिली, २०१३ मध्ये तंबाखूविरोधी कायदा आला. म्हणून वाढलेल्या आयुर्मानाचे सारे श्रेय एका हेतूच्या त्यागास देणे न्याय्य होणार नाही. तथापि तीनही परीक्षांत मद्य व मृत्यू एकाच दिशेने हलले, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

अधर्माचे मूळ

जनपदोद्ध्वंसाचे मूळ सांगताना चरकाचार्य वायू-उदकाच्या विकृतीपाशी थांबत नाहीत. देश, नगर व जनपद यांचे प्रमुखच जेव्हा धर्म सोडून वागतात, तेव्हा त्यांच्या आश्रितांमध्ये तो अधर्म वाढत जातो, असा त्यांचा आशय आहे. रशियात झारच्या काळापासून मद्य हे राजकोषाचे मोठे साधन होते. १९२५ मध्ये सोव्हिएत शासनानेही व्होडकाची शासकीय विक्री पुन्हा सुरू केली. ज्या हाताने प्रजेचे आरोग्य राखायचे तोच हात बाटलीमागे कर मोजत असेल, तर चिकित्सा व हेतुसेवन एकाच घरातून चालतात. हे वाचताना आपल्या राज्याच्या उत्पादन शुल्काची आठवण कोणाला झाली, तर आम्ही ती पुसणार नाही.

ध्वंसक, विक्षय व ओज

मदात्ययचिकित्सित अध्यायात मद्याचे दहा गुण ओजाच्या दहा गुणांच्या विपरीत सांगितले आहेत, व हृदय हे ओजाचे स्थान मानले आहे. ग्रंथातील प्रत्येक वचनात आधुनिक संशोधन शोधण्याची घाई करू नये, असे आमचे मत आहे. परंतु त्याच अध्यायात ध्वंसक व विक्षय या दोन व्याधींचा जो हेतू दिला आहे, तो येथे विशेष लक्ष वेधून घेतो. मद्य सोडलेला मनुष्य एकाएकी पुन्हा अतिमात्रेत मद्य घेऊ लागला, तर हे व्याधी होतात; आणि दुर्बलांमध्ये ते अत्यंत दुश्चिकित्स्य होत. विक्षयाच्या लक्षणांत हृदय व कंठ यांच्या पीडेचा, संमोहाचा निर्देश आहे. मात्रेइतकेच सेवनाच्या रीतीलाही हेतुत्व आहे, हे ग्रंथकारांनी जाणले होते. सोमवारी वाढणाऱ्या मृत्यूंचा विचार करताना हे स्थळ पुन्हा वाचावे.

औषधाच्या नावाने

इझेव्स्कच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. पिण्यासाठी नसलेली मद्यार्कयुक्त द्रव्ये, म्हणजे कोलनसारखी सुगंधी द्रवे, स्वच्छतेची द्रवे आणि औषधी वनस्पतींचे मद्यार्कातील अर्क, काही पुरुष स्वस्त म्हणून पीत होते. त्यांचे मृत्युप्रमाण इतरांच्या कित्येक पट होते. डिसेंबर २०१६ मध्ये सैबेरियातील इर्कुत्स्क येथे स्नानासाठीचे एक सुगंधी द्रव पिऊन ७० हून अधिक माणसे मेली. त्यात मिथेनॉल होते. त्या द्रवावर 'बोयारिश्निक' या, हृदयास हितकर मानल्या जाणाऱ्या वनस्पतीचे नाव होते.

ही घटना आपल्या व्यवसायाच्या फार जवळची आहे. आपली आसवारिष्टे शास्त्रोक्त आहेत, त्यांची मात्रा अल्प आहे, आणि त्यांची तुलना त्या विषाशी करता येणार नाही. परंतु संधानाने त्यांत सामान्यतः शेकडा ५ ते १० इतके मद्य उत्पन्न होते, हे आपल्याला माहीत आहे; रुग्णाला बहुधा माहीत नसते. मद्य सोडू पाहणाऱ्या पुरुषाला अग्निमांद्यासाठी अरिष्टाची बाटली देणे म्हणजे एका हाताने दार लावून दुसऱ्याने खिडकी उघडण्यासारखे आहे. अशा रुग्णास क्वाथ, चूर्ण, वटी वा घृत हे कल्प निवडावेत. तो मद्यत्यागासाठी डायसल्फिराम घेत असेल, तर आसवारिष्ट कटाक्षाने टाळावे. अन्यथा तीव्र प्रतिक्रिया होऊ शकते.

आपल्या चिकित्सालयात

रशियाचे आकडे जसेच्या तसे महाराष्ट्राला लावू नयेत. देश, काल, सात्म्य सारेच भिन्न आहे. परंतु हेतूविषयी विचारण्याची शिस्त सर्वत्र सारखीच लागू पडते. चाळिशीतील पुरुष अम्लपित्त, निद्रानाश, हातांचा कंप, वाढलेला रक्तदाब अशी तक्रार घेऊन येतो. गावातील ओळखीचा असतो, वयाने मोठा असतो, शेजारी पत्नी बसलेली असते. अशा वेळी मद्याचा प्रश्न संकोचाने राहून जातो, किंवा "घेता का?" असे विचारून "कधीतरी" या उत्तरावर संपतो. 'कधीतरी' या शब्दात मात्रा नाही, काळ नाही आणि रीतही नाही. म्हणून पुढील प्रश्न रुग्णाला एकट्याला, उपदेशाचा सूर न लावता विचारावेत.

१. आठवड्यातून किती दिवस, आणि एका बैठकीत किती? उत्तर रुग्णाच्याच मापात घ्यावे. नाइंटी की क्वार्टर, देशी की विदेशी.
२. जेवणाबरोबर की रिकाम्या पोटी? मंडळींत की एकट्याने?
३. काही दिवस बंद ठेवून नंतर एकदम अधिक, असे होते का? सलग किती दिवस?
४. सकाळी उठल्याबरोबर घ्यावीशी वाटते का? न घेतल्यास हात थरथरतात का?
५. तंबाखू, विडी, सिगारेट किती, व किती वर्षांपासून?
६. काम चालू आहे का? झोप कशी आहे? रात्रीचे जेवण कोणाबरोबर होते?

शेवटचा प्रश्न वरकरणी वैद्यकीय वाटत नाही. परंतु व्यभिचारी हेतू बहुधा याच उत्तरात सापडतो. जगण्यात अर्थ वाटत नाही असे रुग्ण सुचवील, तर ते बोलणे हसण्यावारी न नेता त्याला तज्ज्ञाकडे पोहोचवावे व घरातील एकाला विश्वासात घ्यावे.

दोन सावधगिरीच्या गोष्टी आवर्जून सांगतो. रोज अतिमद्यपान करणाऱ्याने एकाएकी मद्य सोडल्यास दोन-चार दिवसांत आक्षेप, भ्रम, प्रलाप होऊन जीवास धोका पोहोचू शकतो. अशा रुग्णाचा मद्यत्याग रुग्णालयाच्या देखरेखीखालीच घडवावा. दुसरे असे की, अतिमद्यपानानंतर छातीत पीडा, धडधड वा घाम घेऊन आलेल्या पुरुषाला अम्लपित्त समजून पुडी देऊ नये. ईसीजी निघेल अशा ठिकाणी त्याला तत्काळ पाठवावे. तेथे पाठविल्याने आपल्या शास्त्राला कमीपणा येत नाही.

समारोप

जनपदोद्ध्वंसाच्याच अध्यायात आयुष्याला गाडीच्या आसाची उपमा दिलेली आहे. चांगली आस नीट वापरली तर आपल्या मानाप्रमाणे झिजून योग्य काळी निकामी होते, हा कालमृत्यू. तीच आस अतिभाराने, खडबडीत वाटेने, खीळ निसटल्याने, वंगण न मिळाल्याने मध्येच मोडते, हा अकालमृत्यू. रशियातील त्या पुरुषांचे आयुष्य जन्मतः अल्प नव्हते. वाट अकस्मात बिघडली होती, भार वाढला होता, आणि वंगणाच्या जागी मद्य घातले जात होते. १९८७ मध्ये व पुन्हा २००६ नंतर तेच आयुष्य वाढू शकले, याचा अर्थ ते नियत नव्हते. अनियत आयुष्यावर पुरुषकार चालतो, हा आत्रेयांचा सिद्धान्त आहे.

वाट दुरुस्त करणे हे शासनाचे काम आहे, भार वाटून घेणे हे समाजाचे. परंतु गाडी आपल्या दारी थांबते तेव्हा खाली वाकून आस पाहणे हे आपले काम आहे, आणि ते आपल्यावाचून दुसरे कोणी करणार नाही. येत्या तीन महिन्यांत आपल्या बंधुवर्गापैकी प्रत्येकाने तीस ते साठ वयाच्या प्रत्येक पुरुष रुग्णास वरील सहा प्रश्न विचारून त्यांची उत्तरे रुग्णपत्रिकेवर नोंदवावीत, अशी आमची विनंती आहे. नावे वगळून ती अनुभवनोंद संघटनेच्या सभेत मांडली, तर या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू. इत्यलम्.